पहाटे चढणारं सीपॅपचं प्रेशर: आजार वाढला की मशीन फसलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला सांगता येईल. बाबांना पाच महिन्यांपूर्वी स्लीप ॲप्निया (झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा आजार) निघाला आणि घरी ऑटो सीपॅप मशीन आलं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं आणि तो दाब स्वतःच कमी-जास्त करणारं मशीन. प्रेशरची मर्यादा ४ ते २० (सेंटिमीटर पाणी या एककात) ठेवलेली आहे, मास्क फक्त नाकावर बसणारा आहे. सुरुवातीचे दोन महिने छान गेले. आता रोज पहाटे तीनच्या सुमाराला प्रेशर १६-१७ पर्यंत चढतं, बाबा दचकून उठतात, पोट हवेने फुगलेलं असतं, आणि ते मास्क काढून उशाशी ठेवतात. सकाळी मशीनवर एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा अडला तो आकडा, मात्र २.८ दिसतो. मशीन पुरवणाऱ्याने सांगितलं की आजार वाढलाय, २५ पर्यंत जाणारं मोठं मशीन घ्या. ते घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. मी अठरा वर्षं झोपेच्या लॅबमध्ये रात्रपाळी केली आहे, आणि अशी तक्रार आली की मी आधी नळी, मास्क आणि नाक बघतो, आजार वाढल्याचा विचार त्यानंतर. चढलेलं प्रत्येक प्रेशर खोटं नसतं, हेही लगेच सांगून ठेवतो. पण खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येतं.

त्यासाठी मशीन नेमकं काय बघतं ते माहीत हवं. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप पहिल्यांदा जगापुढे मांडलं तेव्हा त्यात एकच ठरावीक प्रेशर असायचं. ते किती ठेवायचं हे रात्रभर जागणारा तंत्रज्ञ ठरवायचा. पेशंटच्या डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावलेल्या. मेंदूच्या लहरींवरून झोप लागली की नाही ते कळायचं, मग श्वास बघत बघत प्रेशर एकेक सेंटिमीटर वाढवायचं. आम्ही लॅबमध्ये आजही हेच करतो. ऑटो मशीनने हे काम घरी आणलं, पण वायरींशिवाय. त्याच्याजवळ फक्त हवेचा प्रवाह आणि दाब मोजणारे सेन्सर आहेत. बाबा झोपलेत की जागे आहेत, कुशीवर आहेत की उताणे, नाक चोंदलंय की घसा मिटलाय, यातलं काहीही त्याला थेट दिसत नाही. श्वासाची लाट (हवेच्या प्रवाहाचा आलेख) चपटी झाली, नळीत घोरण्यासारखी थरथर आली किंवा श्वास दहा सेकंद थांबला, की ते सहसा घसा मिटत असल्याचं धरून प्रेशर वाढवतं. म्हणजे मशीन खोटं बोलत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेली लाट दुसऱ्याच कारणाने बिघडलेली असू शकते, आणि ते कारण त्याला ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, प्रेशर चढतं भराभर आणि उतरतं अगदी सावकाश. बाबा उठले तेव्हा १७ होतं म्हणून कारण त्याच क्षणी घडलं असं नाही. ते वीस-पंचवीस मिनिटांपूर्वीचं असू शकतं. बहुतेक जण आलेखाच्या शिखराकडे बघत बसतात. तुम्ही पायथा बघा. चढ जिथे सुरू झाला त्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत काय झालं, एवढंच शोधायचं आहे.

हे मशीनच्या पडद्यावर दिसत नाही. बऱ्याच मशीनमध्ये एसडी कार्ड असतं. ते कार्ड लॅपटॉपला लावून ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रवाह, प्रेशर, गळती, घोरणं आणि प्रवाहातला अडथळा या पाच ओळी एकाखाली एक लावून घ्या, आणि चढाच्या पायथ्याशी इतकं मोठं करून बघा की एकेक श्वास सुटा दिसेल. कार्ड काढायच्या आधी मशीन बंद करा, आणि लॅपटॉपला लावण्यापूर्वी त्याच्या कडेची खिट्टी लॉकवर सरकवा, म्हणजे लॅपटॉप त्यावर काही लिहिणार नाही. परत मशीनमध्ये घालताना खिट्टी उघडायला विसरू नका.

आता एकेक संशयित. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तोंडाने होणाऱ्या गळतीवर आहे. नाकाचा मास्क, गाढ झोप, जबडा सैल पडला की हवा नाकातून जाऊन तोंडाने बाहेर. सोडलेला श्वास मशीनकडे परत येतच नाही, त्यामुळे लाटेचा खालचा अर्धा भाग कापल्यासारखा दिसतो आणि वरचा भागही वेडावाकडा होतो. मशीन त्याला अडथळा समजतं, प्रेशर वाढवतं, वाढलेल्या प्रेशरने गळती आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की बाबा उठेपर्यंत थांबत नाही. खूण अशी की गळतीची ओळ आधी उठते आणि प्रेशर तिच्या मागून जातं. प्रेशर आधी चढलं आणि मग गळती झाली असेल, तर मास्क त्या प्रेशरला पुरत नाही एवढंच. चढाचं कारण दुसरीकडे शोधा. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरच्या वरची गळती मोठी धरतात. मात्र काही कंपन्यांची मशीन मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवासुद्धा धरून एकूण गळती दाखवतात. त्यात १० सेंटिमीटरला ३०-४० लिटर आकडा दिसला तर तो नेहमीचाच आहे, घाबरू नका.

सकाळी बाबांना विचारा, तोंड कोरडं ठणठणीत पडलेलं असतं का? जीभ टाळूला चिकटलेली असते का? असेल तर तोंडाची गळती जवळजवळ पक्की. हनुवटीचा पट्टा काहींना चालतो, काहींना अजिबात नाही. मी सहसा तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क आठवडाभर लावून बघायला सांगतो. तोंडाला चिकटपट्टी लावायचे सल्ले फिरत असतात, तो प्रयोग बाबांवर करू नका. नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर धोका आहे. आणि मास्क बदललात तर मशीनच्या सेटिंगमध्येही मास्कचा प्रकार बदला. मशीन मास्कच्या भोकांतून किती हवा जाते हे त्या सेटिंगवरून ठरवतं, ते चुकलं की गळतीचा आकडा चुकतो.

इथेच एक वेगळा घोटाळा सांगतो, कारण तो रोज बघतो. मास्कची कड नाकाच्या दांड्यापाशी उचकटली की हवा थेट डोळ्यात येते. दाब टिकवण्यासाठी मशीनचा पंखा जोरात फिरायला लागतो, आवाज वाढतो. माणूस उठतो तो 'प्रेशर प्रचंड वाढलं' म्हणतच. पडद्यावर बघावं तर आकडा ९. हवेचा जोर वाढणं आणि प्रेशर वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे १६-१७ हा आकडा आलेखात दिसलाय की बाबांच्या सांगण्यावरून धरलाय, ते एकदा तपासा. आलेखाचा आकडा असेल, तर तो रात्रीतला सर्वांत जास्त आकडा आहे की ९५ टक्क्यांचा, तेही बघा. ९५ टक्क्यांचा आकडा म्हणजे रात्रीचा ९५ टक्के वेळ प्रेशर त्याच्याइतकं किंवा त्याहून कमी होतं. तो ११ असेल आणि पाच मिनिटं १७ ला टेकलं असेल, तर गोष्ट अगदी वेगळी आहे.

दुसरा संशय पाण्यावर, आणि यावर जरा थांबतो, कारण हे कारण सर्वांत जास्त निसटतं. एका आजोबांचं प्रेशर रोज साडेतीन-चारलाच चढायचं, नेमानं. गळती नाही, नाक मोकळं. आलेख मोठा करून बघितला तर लाटेवर करवतीच्या दात्यांसारखी बारीक थरथर होती, आणि मशीनने ती घोरणं म्हणून नोंदवली होती. पण घोरणं बहुधा श्वास आत घेताना येतं. इथे दाते श्वास घेताना होते तसे सोडतानाही होते. त्यांच्या मुलाला पहाटे चारला उठून नळीला कान लावायला सांगितलं. पलंगाखाली लोंबणाऱ्या नळीच्या वळणात पळीभर पाणी साचलं होतं आणि प्रत्येक श्वासाला ते हुक्क्यासारखं गुडगुडत होतं. पहाटे खोली गार व्हायची, ह्युमिडिफायरमधली (मशीनच्या हवा ओली करणाऱ्या पाण्याच्या टाकीतली) ऊबदार ओली हवा नळीतच थंड होऊन तिचं पाणी व्हायचं. मशीन बिचारं त्या गुडगुडीला घोरणं समजून प्रेशर वाढवत होतं. ह्युमिडिफायर दोन घरं खाली आणला, नळीला कापडी खोळ घातली, मशीन उशीच्या पातळीखाली ठेवलं म्हणजे साचलेलं पाणी टाकीकडे उतरेल, आणि चौथ्या रात्री चढ गायब. आधी दोन महिने चांगले गेले आणि मग बिघडलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या सुमाराला ऋतू बदलला होता का, ते आठवून बघा.

नाकाचं म्हणाल तर मशीनला अडथळा दिसतो, त्याची जागा दिसत नाही. सर्दी, ॲलर्जी, वाकडा पडदा यांनी लाट चपटी होते तशीच घशाच्या भिंती जवळ आल्यानेही होते. फरक असा की घशाची वाट मऊ असते, हवेच्या दाबाने ती उघडी राहते. नाकातली सूज दाबाने तशी बसत नाही. याची परीक्षा मला फार आवडते, कारण ती सोपी आहे. प्रेशर ८ असतानाचे पाच श्वास बघा, मग १४ झाल्यावरचे पाच श्वास बघा. लाटेचा माथा गोल झाला असेल तर वाढलेलं प्रेशर कामाला आलं, चढ खरा होता. माथा पूर्वीइतकाच चपटा असेल तर ते सहा सेंटिमीटर वाया गेले, फक्त पोटात हवा भरली. असं दिसलं तर झोपण्यापूर्वी सलाईनने नाक धुणं, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितलं तर नाकातला स्टिरॉइड स्प्रे, याचा उपयोग प्रेशरपेक्षा जास्त होतो.

मग जागेपणीचा श्वास. साठीच्या पुढे झोप मोडणं वाढतं, लघवीला उठणं असतं, आणि परत आडवं झाल्यावर अर्धा-पाऊण तास माणूस अर्धवट जागा असतो. तेव्हाचा श्वास वेडावाकडा असतोच: उसासा टाकतो, कूस बदलताना श्वास धरतो. मशीनला यातलं बरंचसं आजारासारखं दिसतं. खरा अडथळा असला की श्वास हळूहळू लहान होत जातात, थांबतात, आणि मग शेवटी एक मोठा श्वास येतो. जागेपणी उलटं होतं. मोठा श्वास आधी येतो आणि थांबणं त्यानंतर. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की शंभर नोंदींतल्या खोट्या चटकन वेगळ्या काढता येतात. रेसमेडसारखी मशीन श्वास थांबल्यावर सेकंदाला चार बारीक ठोके हवेतून पाठवून घसा उघडा आहे की बंद ते चाचपतात, आणि उघडा असेल तर प्रेशर वाढवत नाहीत. पण चपट्या लाटांच्या बाबतीत अशी चाचपणी नसते, म्हणून जाग आल्यावरही चढ येतो. बाबा अडीचला बाथरूमला जाऊन येतात का? येत असतील तर परत येऊन मशीन नव्याने सुरू करावं आणि रॅम्प, म्हणजे कमी प्रेशरपासून हळूहळू वर जाण्याची सोय, लावावा. त्यांना झोप लागेपर्यंत प्रेशर बहुधा खालीच राहील.

उशीचाही विचार करा. दोन जाड उशांवर मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि घशाची वाट घडी पडलेल्या नळीसारखी होते. हा अडथळा खरा असतो, पण प्रेशरने तो सुटत नाही. आलेखात पंधरा-वीस मिनिटांत आठ-दहा नोंदींचा घोस दिसतो आणि बाकी रात्र स्वच्छ असते. एक उशी काढा, किंवा मऊ कॉलर लावून बघा.

मशीनचा सेन्सरच बिघडला असेल ही भीती सगळ्यांना असते. ते क्वचित होतं. तपासायला मशीन ठरावीक १० वर लावून मास्कपाशी मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) जोडतात. सीपॅपचं एकक सेंटिमीटर पाणी, म्हणजे यू आकाराच्या पारदर्शक नळीत दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत दहा सेंटिमीटरचा फरक पडला पाहिजे. मी आजही कधी कधी डिजिटल मीटर बाजूला ठेवून पाण्याची नळीच लावतो, कारण ती पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि मनातली शंका जाते. हे काम सर्व्हिस करणाऱ्याकडून करून घ्या, मशीन घरी उघडू नका. मात्र नळीची सेटिंग तुम्ही बघू शकता. मधल्या काळात १५ मिलिमीटरची बारीक नळी घेतली असेल आणि सेटिंग जुन्या जाड नळीचीच राहिली असेल, तर मास्कपाशी पोचणारं प्रेशर दाखवलेल्या आकड्यापेक्षा कमी असतं. मग घसा खरंच मिटतो आणि आकडा चढत जातो. फिल्टर घाण असेल तर बदला, पण त्याने प्रेशर वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता पहाटेची वेळ. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, साधारण दीड-दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्या वेळी घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात. उताणं झोपलं की आणखी वाईट. त्यामुळे तीनचा चढ अगदी खरासुद्धा असू शकतो. दीड तासाच्या अंतराने छोटे-मोठे चढ दिसत असतील, गळती आधी उठलेली नसेल आणि प्रेशर वाढल्यावर लाट गोल होत असेल, तर तो खोटा म्हणून दाबून टाकायचा नाही. आणि एएचआय २.८ वर फार विसंबू नका. पाचच्या आत आहे हे चांगलंच, पण मशीन फक्त मास्क लावलेल्या तासांचं मोजतं. बाबा तीनला मास्क काढतात, म्हणजे रात्रीचा सर्वांत कठीण भाग त्या आकड्यात आलेलाच नाही.

प्रेशरची मर्यादा ४ ते २० ठेवणं मला मुळात पसंत नाही. बहुतेक प्रौढांना ४ अपुरं पडतं. घसा आधी मिटू लागतो आणि मशीन मागून धावत सुटतं. बाबांच्या डॉक्टरांना आलेख दाखवा आणि खालची मर्यादा मधल्या प्रेशरच्या आसपास, बहुधा ७-८ ला, आणि वरची ११-१२ ला आणून बघता येईल का, ते विचारा. हे विचारायचंच, परस्पर करायचं नाही. त्यांच्या होकारानंतर चार-पाच रात्री तसं चालवा, आणि त्यातल्या एका रात्री नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावा. छत घातल्यावर श्वास थांबण्याच्या नोंदी वाढल्या नाहीत, ऑक्सिजन खाली गेला नाही आणि बाबा सकाळपर्यंत झोपले, तर ते १६-१७ नको होतं हे सिद्ध झालं. नोंदी वाढल्या तर मर्यादा परत वर न्या, आणि मग मोठ्या मशीनचा विचार लॅबमध्ये एक पूर्ण रात्र तपासणी करून व्हावा, पुरवठादाराच्या सांगण्यावरून नको. बाकीचे प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान तीन रात्री द्या. मास्क, उशी आणि ह्युमिडिफायर एकदम बदललं की कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

काही परिस्थितीत मात्र घरी शोधत बसू नका. बाबांना हार्ट फेल्युअर, जुनाट दम्यासारखा सीओपीडी, किंवा पक्षाघाताचा इतिहास असेल तर ऑटो मशीनच त्यांच्यासाठी योग्य आहे का, हा पहिला प्रश्न आहे. आलेखात श्वास लाटेसारखे वाढत-वाढत जाऊन पुन्हा लहान होत थांबतात, आणि हे तालात सारखं चालू राहतं, असं दिसलं तर लगेच दाखवा. घसा उघडा असूनही श्वास थांबल्याच्या नोंदी वाढत असतील तरीही. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच न येणारे हे थांबे जास्त प्रेशरने काही जणांत वाढतात, आणि तिथे उपाय प्रेशर चढवण्याचा नसतो.

आज रात्रीपुरतं एवढं करा. नळी झटकून कोरडी करा, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा, जास्तीची उशी काढा. बाबा तीनला उठले तर मास्क काढून ठेवू देऊ नका. मशीन बंद करून मिनिटभर बसू द्या, मास्क पुन्हा नीट बसवून रॅम्पवर सुरू करा, आणि सुरू करण्यापूर्वी नळीला एकदा कान लावा. सकाळी कार्ड काढून तीनच्या आधीच्या अर्ध्या तासाचा आलेख आणि मशीन-मास्कचं मॉडेल मला पाठवा. पायथा कुठे आहे ते मी बघून सांगतो.